प्रश्न आणि प्रश्नकर्ता

वाचकांच्या संबंधांतून कळलेली त्यांची खासगी माहिती ग्रंथपालानें गुप्त राखावी, असा नियम अमेरिकन ग्रंथालय संघानें १९३९ सालींच आपल्या नीतिनियमांत घातला. आज ग्रंथपालाची जागा बव्हंशीं शोधयंत्रानें घेतली आहे. तेव्हां त्याच्यापाशीं हें गुपित कसें राहिलें, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१९९० सालीं माँट्रियलच्या मॅकगिल विश्वविद्यालयांत ॲलन एमटाज यांनीं 'आर्ची' हें शोधयंत्र रचलें. त्यास फायलींचीं केवळ नांवें ठाऊक असत, आंतील मजकूर नव्हे. डिसेंबर १९९५ मध्यें आलेल्या 'अल्टाव्हिस्टा'नें पानांतील शब्दन् शब्द शोधण्याची सोय केली. १९९८ सालीं निघालेल्या 'गूगल'नें, ज्या पानाचा हवाला इतर मातबर पानें देतात तें श्रेष्ठ, हा न्याय लावला. यंत्र असें चतुर होत गेलें, तसा विचारणाराहि धीट झाला. फायलीचें नांव विचारणारा मनुष्य आतां दुखणें, कर्ज, घरांतील कलह, सारेंच विचारूं लागला.

या विश्वासास ऑगस्ट २००६ मध्यें तडा गेला. 'एओएल' या अमेरिकन कंपनीनें संशोधकांच्या सोयीसाठीं साडेसहा लाखांवर लोकांचे तीन महिन्यांतील सुमारें दोन कोटि शोध प्रसिद्ध केले. नांवें गाळून प्रत्येकास एक क्रमांक दिला होता. तथापि एका क्रमांकाखालीं विशिष्ट गांवच्या बागकाम करणारांची चौकशी होती, एकाच आडनांवाच्या अनेक माणसांचीहि होती. तेवढ्या धाग्यांवरून 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनीं थोड्याच दिवसांत एका वृद्ध बाईंचें घर गांठलें. कंपनीनें क्षमा मागून तो संग्रह काढून घेतला. परंतु त्याच्या नकला तोंवर सर्वत्र पसरल्या होत्या.

आमच्या मतें या इतिहासाचें मर्म येथेंच आहे. प्रश्न जितका नेमका, तितकें उत्तर चांगलें. आणि तितकाच प्रश्नकर्ताहि उघडा. सलग शब्द अवतरणचिन्हांत घालावे, नको त्या शब्दास आधीं वजाचिन्ह जोडावें, हें कौशल्य विद्यार्थ्यांनीं अवश्य शिकावें. परंतु आपलें नांवगांव प्रश्नांत विनाकारण गोवूं नये, आणि खात्यांत साठलेले जुने शोध वेळोवेळीं पुसावे. 'खासगी खिडकी' केवळ आपल्या यंत्रावरील नोंद टाळते. शोधयंत्राकडे ती होऊं शकते, हेंहि विसरूं नये.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो हक्क राखण्याचें वळण मुलांस लावणें हें मात्र घरांतील वडीलधाऱ्यांचें काम आहे.