छेदगणना : धवला टीकेतील संख्याविचार

‘षट्खंडागम’ या सिद्धान्तग्रंथाच्या नावातच सहा ही संख्या आहे. धरसेनाचार्यांकडून लाभलेले ज्ञान पुष्पदंत व भूतबली या मुनिद्वयाने सूत्रबद्ध केले. त्यातील पहिल्या पाच खंडांवर आचार्य वीरसेनांनी राष्ट्रकूटांच्या काळात ‘धवला’ ही ७२,००० श्लोकप्रमाण टीका रचली. जीवादी द्रव्यांचे प्रमाण सांगताना त्यांनी जे गणित योजले, ते आजही विचार करण्याजोगे आहे.

एखादी संख्या जितक्या वेळा अर्धी करता येते, तितके तिचे ‘अर्धच्छेद’. तिनाने भागत गेल्यास ‘त्रिकच्छेद’ आणि चाराने भागत गेल्यास ‘चतुर्थच्छेद’. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद त्यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमही धवलेत आहे. युरोपात नेपिअरचा लॉगरिथमवरील ग्रंथ १६१४ साली निघाला. त्यामागील मूळ कल्पना येथे कित्येक शतके आधी दिसते.

या गणनेचे मर्म ७२ या संख्येवरून सहज ध्यानी येते. भगवान महावीरांचे आयुष्य ७२ वर्षांचे. तिन्ही काळांच्या चोविशींतील तीर्थंकरही ७२. ही संख्या ३६, १८, ९ अशी तीन वेळा अर्धी होते आणि २४, ८ अशी दोन वेळा तिनाने भागली जाते. आता दहाऐवजी सहा हा पाया धरून ती लिहू. त्या लेखनात ० ते ५ हेच अंक असतात व स्थानांच्या किमती १, ६, ३६ अशा वाढतात. छत्तीसाचे दोन गट होतात, शिल्लक काही राहत नाही; म्हणून ७२ चे रूप २०० होते. शेवटची दोन शून्ये योगायोगाने आलेली नाहीत. सहा म्हणजे दोन गुणिले तीन. त्यामुळे दोहोंपैकी जे छेद कमी, तितकीच शून्ये शेवटी येतात.

अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यसंख्येचे एक प्रमाण २९ स्थानांचे आणि ९६ वेळा अर्धे होणारे सांगितले आहे. ती संख्या ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. सहाच्या पायावर लिहिल्यास तिला ३८ स्थाने लागतात. तिनाने ती एकदाही भागली जात नाही. म्हणून त्या लेखनात तिच्या अंती शून्य न येता ४ येतो. लेखन बदलले तरी छेद मात्र ९६ च राहतात. सहाच्या पायाचे लेखन आगमांतील नव्हे. परंतु लेखनापलीकडचा संख्येचा स्वभाव आचार्यांनी छेदांच्या रूपाने मोजला होता, हे खरे.

हे सारे ज्ञान शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत बंदिस्त होते. भाविक दर्शन घेत. वाचणारे क्वचितच असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी प्रतिलिपींसाठी पुढाकार घेतला. पुढे डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि क्रमाने सोळा खंड पूर्ण झाले. लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी त्यातील गणित अभ्यासकांपुढे मांडले.

षट्खंडागमाच्या पूर्ततेचा दिवस म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी साजरी होते. त्या दिवशी ग्रंथाला अर्घ्य अर्पण होते, ते उचितच आहे. परंतु ताडपत्रे वाळवीच्या तोंडून वाचली ती कुणी तरी नकलून घेतली म्हणून, आणि त्यांतील गणित उजेडात आले ते कुणी तरी वाचले म्हणून. पूजेनंतर ग्रंथाचे एक पान उघडून वाचणे, हीही श्रुताची सेवाच होय.