अलिफला नाव का नव्हते?

संगणकीय मजकुरात शीर्षक कोठे, परिच्छेद कोठे हे दर्शविणाऱ्या खुणांच्या भाषा असतात. त्यांत विशेष अक्षरांना नावे देण्याची प्रथा दृढ केली ती एसजीएमएलने (१९८६, आयएसओ ८८७९). एका यंत्रावरून दुसऱ्यावर बिनचूक पोहोचतील अशी अक्षरे त्या काळी थोडीच होती. आस्कीत एकूण संकेतच १२८. म्हणून फ्रेंचमधील आघातयुक्त 'ई' लिहिण्यासाठी अँपरसँड, 'ईअक्यूट' हे नाव आणि शेवटी अर्धविराम, अशी युक्ती निघाली.

ही नावे कोणाला मिळाली, हे पाहण्यासारखे आहे. एसजीएमएलच्या याद्यांत लॅटिन, ग्रीक व सिरिलिक अक्षरे आणि गणिताची चिन्हे होती. अरबी वा देवनागरी नव्हती. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये २५२ नावे आली. त्यांत 'अलेफसिम' आहे खरे, पण ते अनंत संच मोजण्यासाठी कॅन्टरने योजलेले गणिती चिन्ह. हिब्रू अलेफ अक्षर ते हे नव्हे, अशी टीपही तेथे दिली आहे! आपला अलिफ १५७५ आणि 'अ' २३०९, म्हणजे नुसते युनिकोड क्रमांक. यात द्वेष शोधू नये. याद्या पाश्चात्त्य मुद्रणव्यवसायाच्या गरजेतून झाल्या. मात्र ती गरज सार्वत्रिक मानली गेली, हेही खरे.

पौर्वात्य लिप्यांच्या वाट्याला नावे आली ती अदृश्य चिन्हांची. जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०७० ने चार नावे सुचविली : अक्षरे जोडणारे, जोड तोडणारे आणि लेखनाची दिशा सांगणारी दोन. उर्दू ओळीत इंग्रजी शब्द आला की विरामचिन्ह भलत्या टोकाला जाते. दिशाचिन्हे ते जागेवर ठेवतात. मराठीतील 'दऱ्या'चा अर्धा र घडविण्यासही जोडचिन्ह उपयोगी पडते.

१९९८ च्या एक्सएमएलने पाचच नावे राखली : अँपरसँड, दोन कोनकंस, दोन अवतरणचिन्हे. ही चिन्हे खुणांच्या व्याकरणातच वापरली जातात, म्हणून. परिणामी जुन्या पानातील 'ईअक्यूट' घोषणेशिवाय एक्सएमएलमध्ये नेले की वाचन तेथेच थांबते.

२०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये नावे दोन हजारांवर गेली. फार्सी-अरबी नावांच्या लिप्यंतरात लागणाऱ्या, डोक्यावर रेघ असलेल्या 'ए'लाही नाव मिळाले. खाली टिंब असलेल्या 'एच'ला नाही. त्यासाठी ७७१७ हा क्रमांक घालावा, किंवा फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून ते अक्षर सरळ टंकित करावे.