ती बस कोणाला नको होती?

निवडणूक आली की पुढाऱ्यांची जुनी दप्तरं उघडली जातात. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २७ जून २०१९ रोजी मायामीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या इच्छुक उमेदवारांचा वादविवाद झाला. त्यात कमला हॅरिस यांनी जो बायडेन यांना सर्वांदेखत विचारलं, सत्तरच्या दशकात तुम्ही शाळांच्या बसगाड्यांना विरोध केलात, ते चुकलं हे आज मान्य करता का? कॅलिफोर्नियातली एक लहान मुलगी त्या बसने रोज शाळेत जायची, ती मुलगी मीच, असंही त्या म्हणाल्या.

पुढच्याच वर्षी बायडेन यांनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी निवडलं आणि विषय मागे पडला. आता बायडेन जानेवारी २०२५ मध्ये पायउतार झाले, हॅरिस २०२४ ची निवडणूक हरल्या. कोणाची बाजू घ्यायची घाई नाही, तर मंडळी, आज हे दप्तर जरा निवांत तपासू या.

माझी पद्धत मास्तरकीतली आहे. माणूस बोलला काय, त्याने मत कुठे टाकलं आणि त्यामुळे वर्गातल्या मुलांचं काय झालं, हे तीन रकाने वेगळे ठेवायचे.

आधी ही बस म्हणजे काय ते सांगतो. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्यात एकमताने निकाल दिला की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनेविरुद्ध आहेत. निकाल लागला, पण शाळा तशाच राहिल्या. वस्त्याच वेगळ्या होत्या. घराजवळच्या शाळेत जायचं म्हटलं की गोऱ्या वस्तीत गोरी शाळा आणि काळ्या वस्तीत काळी शाळा. शेवटी १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात मान्य केलं की मुलांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत पाठवूनही हे मिश्रण करता येईल. यालाच तिकडे 'बसिंग' म्हणतात. १९७४ साली बॉस्टनमध्ये ते सुरू झालं तेव्हा मुलांच्या बसवर दगड पडले.

बायडेन ज्या डेलावेअर राज्याचे, त्याचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. 'ब्राऊन' हा खरं तर पाच खटल्यांचा जुडगा होता आणि त्यातला एक डेलावेअरचा. हॉकेसिन गावातल्या सेरा बुला या बाईंच्या घरावरून गोऱ्या मुलांची शाळेची बस रोज जायची. त्यांच्या लेकीला, शर्लीला, त्या बसमध्ये जागा नव्हती. तिला रोज गाडीने तिच्या वेगळ्या शाळेत पोचवावं लागे. बाईंनी बससाठी अर्ज केले, ते फेटाळले गेले. मग त्या लुईस रेडिंग या वकिलांकडे गेल्या. रेडिंग हे डेलावेअरमधले पहिले काळे वकील. त्यांनी सांगितलं की वेगळ्या शाळेला जाणारी बस मिळवून देण्यात मला रस नाही, गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मागणार असाल तर खटला लढतो. १९५२ साली न्यायाधीश कॉलिन्स साइट्झ यांनी शर्लीला प्रवेश द्यायचा हुकूम दिला. त्या पाच खटल्यांत खालच्या कोर्टाने मुलांना लगेच प्रवेश दिला तो फक्त इथेच.

थोडक्यात, डेलावेअरमध्ये भांडण सुरू झालं तेच नाकारलेल्या बसवरून! हे लक्षात ठेवा.

बायडेन नोव्हेंबर १९७२ मध्ये, तिशी पूर्ण व्हायच्या आत, सिनेटवर निवडून आले. १९७४ साली बसविरोधी एक कडक दुरुस्ती आली. ती एका मताच्या फरकाने बाजूला पडली आणि ती बाजूला सारणाऱ्यांत बायडेन होते. त्यावर त्यांच्या मतदारसंघातले गोरे पालक खवळले, कारण विल्मिंग्टन शहराचा खटला तेव्हा कोर्टात चालू होता आणि बस आपल्या दारात येणार हे त्यांना दिसत होतं.

सप्टेंबर १९७५ मध्ये बायडेन यांची बाजू बदललेली दिसते. त्यांनी जेसी हेल्म्स यांच्या बसविरोधी दुरुस्तीला मत दिलं आणि ती पडल्यावर स्वतःची मांडली. वर्ण पाहून मुलांना शाळा नेमून द्यायला केंद्राच्या शिक्षण खात्याने अनुदानाच्या जोरावर भाग पाडू नये, अशा आशयाची. ती ५० विरुद्ध ४३ मतांनी मंजूर झाली. तेव्हाच्या सिनेटमधले एकमेव काळे सदस्य एडवर्ड ब्रुक यांनी तिला कडाडून विरोध केला. ब्रुक रिपब्लिकन, बायडेन डेमोक्रॅट, हेही गंमतीचंच.

मायामीत बायडेन म्हणाले की माझा विरोध बसला नव्हता, शिक्षण खात्याने ती लादण्याला होता. आता हे कागदाशी ताडून पाहू. १९७५ च्या दुरुस्तीपुरतं ते बसतं. पण विल्मिंग्टनची बस कोणत्याही खात्याने नव्हे, कोर्टाने आणली. आणि १९७७ साली डेलावेअरचेच दुसरे सिनेटर विल्यम रॉथ यांच्याबरोबर बायडेन यांनी जो प्रस्ताव आणला, तो बसिंगबाबत कोर्टांचे हात बांधण्यासाठी होता. तो मंजूर झाला नाही. त्याच सुमारास मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड यांना त्यांनी मदतीबद्दल आभाराचं पत्र लिहिलं. ईस्टलंड हे वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते. म्हणजे मायामीतलं उत्तर अर्धंच होतं.

मग विल्मिंग्टनमध्ये घडलं काय? १९६८ साली राज्याने शाळांचे जिल्हे एकत्र करायचा कायदा केला आणि त्यातून नेमकं विल्मिंग्टनला वगळलं. शहरात काळी मुलं, भोवतालच्या उपनगरांत गोरी, आणि मध्ये कायद्याने आखलेली रेघ. १९७५ साली कोर्टाने ही वगळणूक घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबर १९७८ मध्ये शहर आणि उपनगरं मिळून अकरा जिल्ह्यांचा एक जिल्हा झाला आणि बस सुरू झाली. बॉस्टनसारखी दंगल झाली नाही. पण ओझं कसं वाटलं होतं पाहा. शहरातल्या मुलांनी नऊ वर्षं उपनगरात जायचं आणि उपनगरातल्या मुलांनी तीन वर्षं शहरात यायचं. जी मुलं आधी वगळली गेली, त्यांनाच तिप्पट प्रवास! अनेक काळे पालकही या योजनेवर नाराज होते, ते उगाच नव्हे. १९९५ साली कोर्टाने देखरेख संपवली आणि पुढे शाळा पुन्हा वस्तीप्रमाणे वाटल्या जाऊ लागल्या.

हाच काटा हॅरिस यांनाही लावला पाहिजे. त्यांच्या बर्कली गावाने १९६८ साली कोर्टाचा हुकूम नसताना, आपणहून बस सुरू केली होती. मायामीनंतर थोड्याच दिवसांत त्यांना विचारलं गेलं, आज केंद्राने बसची सक्ती करावी का? त्यांनी निर्णय स्थानिक शाळा मंडळांवर सोडला. मग दोघांत फरक किती उरला?

बायडेन एकत्र शाळांच्या विरुद्ध होते, असं मी म्हणणार नाही. घरांचे आणि वस्त्यांचे भेद आधी मिटवा, असं ते म्हणत. बोलणं चुकीचं नाही. पण वस्त्या मिसळायला किती वर्षं लागणार? १९७५ साली पहिलीत असलेलं विल्मिंग्टनचं मूल तोवर थांबू शकत नव्हतं. त्याच्यासमोर एकच वाट होती, तीही वाकडीतिकडी, आणि त्याच्याच राज्याचा सिनेटर ती बंद करू पाहत होता. हेतू मान्य पण साधन अमान्य असं म्हणणाऱ्याने दुसरं साधन त्याच मुलाच्या शाळेच्या वयात हातात द्यायला हवं. त्या दप्तरात मला ते सापडलं नाही. माझ्या मते बायडेन यांच्यावरचा खरा ठपका तो आहे.

असो. लेख लांबला. तिकडे राहणाऱ्या आमच्या मंडळींना एक गृहपाठ. तुमच्या मुलांच्या शाळेची हद्द कोणत्या रस्त्यावर संपते आणि ती कोणी, कधी आखली, एवढं चौकशी करून कळवा.