ब्राउझरमधील लाल रेघ : एका हंगेरियन दुरुस्तीची कथा #थ्रेड

२४ ऑक्टोबर २००६ रोजी फायरफॉक्स २.० प्रसिद्ध झाले आणि त्या ब्राउझरमध्ये टंकलेखन करताना चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ उमटू लागली. मात्र ती रेघ कोणता शब्द चूक मानी, हे एका जुन्या शब्दयादीवर आणि त्या यादीच्या रचनेवर अवलंबून होते.

यादीची कल्पना १९६१ च्या सुमाराची. लेस अर्नेस्ट यांनी हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रयोगासाठी इंग्रजीतील १०,००० रूढ शब्द एकत्र केले. १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून पुढे ‘आयस्पेल’ घडले. प्रत्येक रूप साठवण्याऐवजी मूळ शब्द एका फाइलीत आणि प्रत्ययांचे नियम दुसरीत, ही व्यवस्था जेफ कुएनिंग यांनी अनेक भाषांना वापरता येईल इतकी व्यापक केली. तिच्याच धर्तीवर केविन हेंड्रिक्स यांनी ओपनऑफिससाठी ‘मायस्पेल’ रचले. फायरफॉक्स २ मध्ये आले ते हेच.

इंग्रजीचे त्यात भागे. एका क्रियापदाची रूपे ती किती? चार-पाच! पण हंगेरियनमध्ये ‘हाझ’ म्हणजे घर, ‘हाझबॉन’ म्हणजे घरात आणि ‘हाझॉइमबॉन’ म्हणजे माझ्या घरांमध्ये. प्रत्ययावर प्रत्यय चढत जातात. मायस्पेल शब्दाच्या शेवटचा एकच थर उतरवू शके, त्यामुळे शुद्ध लिहिणाऱ्या हंगेरियन माणसाच्या शब्दांवरही ते चुकीचा शिक्का मारी. शिवाय त्याचे शब्दकोश एकबाइटी संकेतावर, म्हणजे २५६ चिन्हांच्या मर्यादेत होते. देवनागरीने कुठे जावे?

लास्लो नेमेथ यांनी मायस्पेलचाच पाया घेऊन ‘हनस्पेल’ उभारले. ते प्रत्ययांचे दोन थर उतरवते, जोडशब्द जाणते आणि युनिकोड वाचते. नाव हंगेरीचे, पण उपयोग साऱ्यांचा : जून २००८ च्या फायरफॉक्स ३ ने ते स्वीकारले आणि त्याच वर्षी आलेल्या गूगल क्रोमनेही.

मराठीची अडचण हंगेरियनसारखीच आहे. घर, घरात, घरातला, घरातल्यांना; त्यात सामान्यरूपामुळे प्रत्ययापूर्वी मूळ शब्दही बदलतो (घोडा, पण घोड्याला). हे सारे रूपवैभव यादीत कोंबणे म्हणजे समुद्र घागरीत भरणे. नियमांची फाइल असल्यास तेच काम आटोक्यात येते, आणि फायरफॉक्ससाठी मराठी शब्दकोश अॅड-ऑनच्या रूपात मिळतो तोही याच दोन फाइलींच्या साच्यात. तो बसवल्यावर मजकुराच्या चौकटीत उजवी टिचकी देऊन भाषा निवडता येते.

आणखी एक बारकावा. फायरफॉक्सने मूळ मांडणीत तपासणी अनेक ओळींच्या चौकटीपुरतीच ठेवली. प्रगत सेटिंगमधील १ चा २ केला की एका ओळीची चौकटही तपासली जाते. बहुतेकांना हे कधीच कळले नाही. कोशात नसलेले गावाचे वा माणसाचे नाव उजव्या टिचकीने स्वीकारले की ते प्रोफाइलमधील एका साध्या मजकूर-फाइलीत, एका ओळीत एक याप्रमाणे, जाऊन बसते. ती फाइल उघडून चुकून स्वीकारलेला शब्द खोडताही येतो.