जुन्या वाड्यातील न्हाणीघर आणि फरशीचा काळ

शिक्रापूरसारख्या गावातील जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना न्हाणीघरात ‘त्या काळची’ फरशी बसवावयाची म्हटले, की प्रथम नक्षीदार रंगीत फरशीच डोळ्यांपुढे येते. ही निवड इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे.

मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात दिसणारी मिंटन फरशी इंग्लंडहून आलेली. ती सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातील नव्हती. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा व त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत फ्लोअरिंग्ज’ची स्थापना केली. सिमेंटची ही फरशी भट्टीत भाजली जात नाही. साच्यात रंग ओतून ती यंत्राने दाबतात आणि पाण्यात मुरवतात.

अशी फरशी मिरविण्याची जागा दिवाणखान्याची. न्हाणीत तांब्याचा बंब, दगडी मोरी आणि पायाखाली घडीव काळा दगड किंवा शहाबादी फरशी असे. तेव्हा एकोणिसाव्या शतकातील वाड्याच्या न्हाणीत सिमेंटची नक्षी बसविणे म्हणजे त्या घराला नसलेला भूतकाळ बहाल करणे होय. १९३०-४० च्या सुमारास बांधलेल्या घराला ती शोभेल. परंतु ती पाणी शोषते आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काढण्यासाठी ॲसिड वापरल्यास तिचा रंग उडतो. शहाबादी फरशीही चुनखडीचीच, म्हणून ॲसिडपुढे तिचाही निभाव लागत नाही. काळा दगड मात्र तुलनेने टिकाऊ, आणि टाकीच्या घावांमुळे त्यावर पायही घसरत नाही.

न्हाणीत असा मूळ दगड शिल्लक असल्यास तो उखडू नये; सांधे तेवढे चुन्याने भरून घ्यावेत.