हाडीमांशी भिनलेली काच

अंगात रुतलेली काच काढावीच लागते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. विसाव्या शतकात मात्र अशी एक काच तयार झाली, जी हाडाने स्वतःहून धरून ठेवली. या घटनेचे महत्त्व केवळ एका नव्या पदार्थापुरते नाही. शरीरात बसवायचा पदार्थ कसा असावा, ही कल्पनाच तिने पालटली.

जुनी कल्पना अशी होती की पदार्थाने शरीराच्या वाटेला जाऊ नये. अठराव्या शतकात फ्रान्समधील कवळ्या हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दातांच्या असत. लाळेने त्या कुजत आणि त्यांना दुर्गंधी सुटे. या वासाला कंटाळून अलेक्सिस द्युशातो या औषधविक्रेत्याने १७७०च्या दशकात चिनी मातीची कवळी करवून घेतली. निकोला द्युब्वा द शेमाँ या दंतवैद्याने ती सुधारली आणि तिचे पेटंट मिळवले. कुजायचे नाही, वास धरायचा नाही, एवढाच तिचा गुण. पण तो मोठा होता. १९७० मध्ये पिएर बुतँ या फ्रेंच शल्यविशारदाने अ‍ॅल्युमिना या अतिकठीण सिरॅमिकचा कृत्रिम खुबा बसवला, तेव्हाही अपेक्षा तीच होती: झिजू नये, गंजू नये, शरीराला जाणवू नये.

दुसरी वाट फुटली ती युद्धामुळे. फ्लोरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच हे काच आणि सिरॅमिकचे अभ्यासक. त्यांनी पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी: १९६७ मध्ये एका लष्करी परिषदेला बसने जाताना त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून परतलेले एक कर्नल बसले होते. हेंच आपल्या किरणोत्सर्गाला टिकणाऱ्या काचेविषयी सांगू लागले. तेव्हा कर्नलने विचारले, मानवी शरीरात टिकेल असे काही तुम्हाला करता येईल का? जखमी सैनिकांचे प्राण वाचत होते, पण हातपाय कापावे लागत होते. धातू आणि प्लास्टिक यांना शरीर आपले म्हणत नव्हते.

हेंच यांचा तर्क साधा होता. शरीरात धातूही नाही आणि प्लास्टिकही नाही. म्हणून त्यांच्याभोवती ते व्रणाची भिंत उभारते. हाडात मात्र कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खनिज असते. तेच खनिज आपल्या पृष्ठभागावर तयार करणारा पदार्थ मिळाला तर? त्यांनी वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम व कॅल्शियमची ऑक्साइडे प्रत्येकी २४.५ टक्के आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड अशी काच ओतली. अस्थिशल्यविशारद टेड ग्रीनली यांनी तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी ते ढकलूनही निघेनात. १९७१ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या काचेचे यश तिच्या झिजण्यात आहे. शरीरद्रवात तिच्यातले सोडियम विरघळते, पृष्ठभागावर सिलिकाचा मऊ थर उरतो, त्यावर हाडातल्यासारखे खनिज साचते आणि नव्या हाडाचे तंतू त्यात गुंततात. चिनी मातीचे मोल न बदलण्यात होते. हिचे मोल बदलण्यात आहे.

पण काच ती काच. ती ठिसूळ, शरीराचा भार तिला पेलवत नाही. म्हणून कर्नलच्या मनात असलेले हातपाय तिच्याने घडले नाहीत. १९८५ मध्ये अमेरिकेत तिला पहिली परवानगी मिळाली ती मध्यकर्णातल्या इवल्याशा हाडांच्या जागी बसण्यासाठी. पुढे ती दात काढल्यावरच्या खळग्यात, हिरड्यांच्या रोगाने झिजलेल्या जबड्यात आणि अखेर संवेदनशील दातांच्या टूथपेस्टमध्ये पोचली.

दंतवैद्यकात याच विचाराला आणखी एक फांदी फुटली. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९०च्या दशकात दातांच्या मुळांसाठी ‘एमटीए’ हा लेप पुढे आणला. त्याचा मुख्य घटक बांधकामातल्या पोर्टलंड सिमेंटच्या जातीचा. क्ष-किरणांत दिसावा म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड. दंतवैद्याला अडचणीचा वाटणारा ओलावाच याला घट्ट करतो. आज रूट कॅनलच्या खुर्चीत ‘बायोसिरॅमिक’ हा शब्द कानी पडतो, तो बहुधा याच कुळातला असतो.

जुनी वाट मोडलेली नाही. खुब्याला अजूनही न झिजणारे सिरॅमिकच लागते. फरक पडला तो प्रश्नात. पूर्वी विचारले जाई, हा पदार्थ शरीरात किती काळ परका राहून टिकेल? आता हेही विचारले जाते, की तो शरीराला आपल्यातले किती देईल. त्या बसमधल्या प्रश्नाचे उत्तर तुटणाऱ्या पायांना वेळेवर मिळाले नाही. पण ज्याच्या कानात पुन्हा आवाज आला, त्याच्यापर्यंत ते नक्की पोचले.