कचरा कोणाचा आणि दार कोणाचे?

परराज्यातून येणारा कचरा अडवण्याचा अधिकार राज्याला असावा की नसावा, हा वाद निघाला की आम्ही आधी दुसरा प्रश्न विचारतो : तो कचरा शेवटी कोणाच्या दारात पडतो? अमेरिकेत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी तो इतिहास वाचायला हवा.

न्यू जर्सी राज्याने १९७३ मध्ये कायदा करून बाहेरचा बहुतेक कचरा बंद केला. फिलाडेल्फिया शहराने त्याला आव्हान दिले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती बंदी रद्द केली. अमेरिकी संविधानाने राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे दिले आहे. न्यायालय म्हणाले, कचराही व्यापारात मोडतो. केवळ बाहेरचा म्हणून तो अडवता येणार नाही.

पुढचे प्रकरण अलाबामाचे. तिथल्या सम्टर जिल्ह्यातल्या एमेल या खेड्याजवळ घातक रासायनिक कचरा पुरण्याची प्रचंड मोठी जागा १९७७ पासून चालू होती. हा कापसाच्या मळ्यांचा, गुलामगिरीचा जुना प्रदेश. बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि गरीब. दरवर्षी पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यापैकी ९० टक्क्यांपर्यंत कचरा परराज्यांतला होता. १९९० मध्ये राज्याने बाहेरच्या घातक कचऱ्यावर टनामागे ७२ डॉलर जादा शुल्क लावले. कंपनी न्यायालयात गेली आणि १९९२ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी जिंकली. घरच्या आणि बाहेरच्या कचऱ्याचा धोका सारखाच असताना बाहेरच्यावरच जादा शुल्क लावणे हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने ठरवले.

म्हणजे कचऱ्याशी भेदभाव झाला, हे न्यायालयाला दिसले. माणसांशी झालेला भेदभाव त्या खटल्याचा विषयच नव्हता.

मग राज्याच्या हाती पूर्ण अधिकार असता तर एमेलचे लोक वाचले असते का? आम्हाला तसे वाटत नाही. ती जागा उभी राहिली ती अलाबामाच्याच कारभारात. आणि उत्तर कॅरोलायनाचे उदाहरण समोर आहे. तिथे १९७८ मध्ये रस्त्यांच्या कडेला विषारी पीसीबी तेल ओतले गेले. ती दूषित माती पुरण्यासाठी राज्य सरकारने वॉरन जिल्हा निवडला, जिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. माती त्याच राज्याची, निर्णयही त्याच राज्याचा. १९८२ मध्ये लोक ट्रकांसमोर रस्त्यावर आडवे झाले, ५०० हून अधिक जणांना अटक झाली. माती तरीही तिथेच पुरली गेली. पण त्या लढ्यामुळे चौकशी झाली. आग्नेय भागातील आठ राज्यांत घातक कचऱ्याच्या अशा चार जागांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्य वस्त्यांत असल्याचे १९८३ च्या सरकारी अहवालात नोंदले गेले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाला राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला होता. सत्ता जवळ आली म्हणजे न्याय जवळ येतो, हा भ्रम त्यांना नव्हता. जवळची सत्ता कोणाच्या हातात आहे, हे ते आधी पाहत.

आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये केरळचा वैद्यकीय कचरा तमिळनाडूच्या तिरुनेलवेलीत सापडला. हरित लवादाच्या आदेशानंतर केरळला तो परत न्यावा लागला. चांगले झाले. पण १९२७ पासून मुंबईचा कचरा ज्या देवनारला जातो, तो कोणी कुठे परत न्यायचा? तो परराज्यातला नाही. डोंगराशेजारी राहतात दलित, मुस्लिम, कष्टकरी. त्यांच्यासाठी कोणती राज्यसीमा आडवी येणार?

म्हणून मित्रांनो, राज्यांच्या अधिकाराची चर्चा जरूर करा. पण कचराभूमीचा प्रस्ताव आला की आधी नकाशा मागा, भोवतीच्या वस्त्यांची नावे वाचा, आणि त्या वस्तीची संमती घेतली का, हे लेखी विचारा. वॉरनच्या लोकांनी हेच विचारले होते.

जय भीम.